गच्चीवरची ठिबक आणि हिरवी जाळी : फेब्रुवारी ते डिसेंबरचा अनुभव

जुळे सोलापुरात आमची बाग गच्चीवर आहे. सगळं कुंड्यांत : बोगनवेल, जास्वंद, मोगरा, एक्झोरा, क्रोटन, अडेनियम, सदाफुली, कामिनी, आणि थंडीपुरती शेवंती, पिटुनिया. फेब्रुवारीत टाकीवर चालणारी ठिबक बसवली आणि पश्चिमेच्या बाजूला ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी (शेडनेट) ताणली. आता डिसेंबर आहे. या दोन्ही वस्तूंची खरी परीक्षा मे महिन्यात होते आणि दुसरी, वेगळीच परीक्षा पावसात, म्हणून लिहायला इतके दिवस थांबले.

ठिबकचा डब्यातला तयार संच मी घेतला नाही. सोलापूर हा डाळिंबाचा जिल्हा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा इथेच केगावला आहे. डाळिंबाच्या बागा ठिबकवर चालतात, त्यामुळे शेतीचं ठिबकचं सामान आपल्याकडे सहज सुटं मिळतं. १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे पाण्याची मुख्य नळी, मीटरवर, थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर नगावर, आणि एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. फक्त दुकानात आधीच सांगायचं की गच्चीवर लावायचंय, मोटर नाही. शेतातल्या ड्रिपरचं माप एक किलो (चौरस सेंटिमीटरला) दाबाला धरलेलं असतं, आणि तेवढा दाब मिळायला पाणी १० मीटर उंचीवरून यावं लागतं. आमची टाकी कुंड्यांच्या वर साधारण अडीच मीटरवर आहे, म्हणजे दाब पाव किलो. दाब पाव झाला की साध्या ड्रिपरचं पाणी निम्म्यावर येतं, म्हणून ताशी ४ लिटरचा ड्रिपर आमच्याकडे २ लिटरच्या आसपास देतो. हे गणित धरूनच वेळ लावायची. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग नावाचे महागडे ड्रिपर टाकीवरच्या बागेसाठी घेऊ नका. इतक्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत. टायमरचंही तसंच. सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या, बऱ्याच टायमरना उघडायलाच दाब लागतो, तोटीसारखा फिरून उघडणारा बॉल व्हॉल्व्हचा टायमर नुसत्या टाकीच्या पाण्यावर चालतो.

आता पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बागेची भिस्त बोअरवर, आणि बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. एप्रिल लागता लागता ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे थर दिसायला लागले. खोलून धुता येणारेच ड्रिपर घ्या, असं मी सगळ्यांना आवर्जून सांगते, ते यासाठी. खाण्याचं सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून त्यात ते रात्रभर बुडवले की थर सुटतो. टाकीखालची जाळीची गाळणी मात्र ऐच्छिक समजू नका. ती नसेल तर बाकीचा खर्च वाया.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपला उन्हाळा पुण्या-मुंबईच्या बागांच्या सल्ल्यात मावत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर, हवा कोरडी, आणि संध्याकाळी पाचलासुद्धा गच्चीची फरशी पायाला चटके देते. कुंडीतल्या झाडाला वरून ऊन तर बसतंच, पण कुंडीची पश्चिमेची बाजू तापते आणि आतली मुळं शिजतात. जाळीने सगळ्यात मोठा फरक इथेच पडला. मी ती डोक्यावर कमी आणि पश्चिमेला पडद्यासारखी उभी जास्त लावली आहे. एक्झोरा आणि क्रोटनची पानं मागच्या उन्हाळ्यात कडेने करपली होती, यंदा शेवटपर्यंत तजेलदार राहिली. ठिबक पहाटे पाचला सुरू होते, ऊन चढायच्या आत माती आतपर्यंत भिजलेली असते. मोगऱ्याने याचं चीज केलं. सासूबाईंच्या पूजेला आणि माझ्या गजऱ्याला पुरून उरतील इतक्या कळ्या मेअखेरपर्यंत येत राहिल्या. मोगऱ्याला भर उन्हात जागा आणि भरपूर पाणी दोन्ही लागतं, म्हणून तो जाळीबाहेर, दोन ड्रिपरवर.

जाळीकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. ती ऊन अडवते, हवेत ओल आणत नाही. अँथुरियम, फर्न यांना ओलसर हवा लागते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, खाली खडी घालून पाण्याची ताटं ठेवली, तरी मे महिन्यात ती झाडं नुसती तग धरून असतात. आपल्या गावात ती आतल्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी ठेवावीत. आणि बोगनवेल जाळीखाली ठेवाल तर नुसती पानं वाढतील. तिला रखरखीत ऊन आणि थोडी तहान हवी, तेव्हा ती रंगते. आमच्या राणी रंगाच्या बोगनवेलीचा ड्रिपर मी उन्हाळ्यात अर्धा बंद ठेवला होता आणि शेजारच्या गच्चीवरूनही लोक तिच्याकडे बघत होते. सोलापूरला शोभेचं झाड कोणतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे.

वळवाच्या वाऱ्याची तयारी आधीच करा. जाळी थेट तारेने बांधली की वाऱ्यात तारेच्या जागीच फाटते. कडेला पट्टी शिवून, पितळी डोळे बसवून घ्यावेत आणि दोरीने बांधावी, म्हणजे आभाळ भरलं की सोडून गुंडाळता येते.

पावसाळ्यात जाळी काढलीच, आणि ठिबक जवळजवळ बंद. आपल्याकडे पाऊस कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. जून-जुलैत मध्येच मोठा खंड पडतो. त्या खंडात टायमर दिवसाआड लावला. अडेनियम मात्र ठिबकच्या ओळीतच घेऊ नये. त्याच्या फुगलेल्या खोडात पाणी साठलेलं असतं, पावसात वरून आणखी मिळालं की ते कुजतं. रेन लिली पहिल्या मोठ्या सरीनंतर काही दिवसांत एकदम फुलली, आणि तितकी ती मी कितीही पाणी घालून फुलवू शकत नाही. जड पाण्याने पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेली एक्झोराची पानंही पावसाच्या पाण्यावर सुधारली. क्षारांच्या पाण्याने मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं, त्यामुळे हा पिवळेपणा येतो. आता पावसाचं पाणी एका पिंपात साठवून ते एक्झोरालाच राखून ठेवते.

हा सगळा खटाटोप वेळ वाचवण्यासाठी केला होता. सकाळी पाइप धरून उभं राहण्याचा वेळ वाचला, पण गच्चीवरचा वेळ उलट वाढला. जास्वंदीवर शिंजीर पक्षी कधी येतो, कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर फुलपाखराची अंडी कुठे आहेत, हे आता दिसतं. त्या अळ्या मी काढत नाही. थोडी पानं गेली तरी कढीपत्ता पुन्हा फुटतो.

थंडीत पाणी एकदम कमी लागतं, म्हणून नोव्हेंबरात टायमर तीन दिवसांतून एकदा केला. सध्या शेवंती भरात आहे, पिटुनिया जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पूर्ण बहरेल. संध्याकाळी भोरड्या पक्ष्यांचे थवे घरावरून जातात.

घ्यावं का? ठिबक, हो, पंधरा-वीसपेक्षा जास्त कुंड्या असतील तर. त्याहून कमी असतील तर झारी बरी. जाळी फक्त पश्चिमेला गच्ची मोकळी असेल तरच, आणि ५० टक्क्यांचीच. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली बहुतेक फुलझाडं नीट फुलत नाहीत. हिरवीपेक्षा पांढरी मिळाली तर बघा, खाली उजेड जास्त स्वच्छ पडतो. माझी गुंडाळलेली जाळी आता जिन्यात आहे, होळीच्या आधी पुन्हा बांधायची. त्या वेळी डोळे आणि दोरी एकदा तपासून घेईन, लॅटरलचं शेवटचं टोक उघडून साचलेला गाळ वाहू देईन आणि लॅटरलपासून कुंडीपर्यंत जाणारी, उन्हाने कडक झालेली चार मिलिमीटरची बारीक नळी बदलेन.