आधी आई पाहिली, मग घोडी घेतली

मी जी सबजी, म्हणजे वयाबरोबर पांढरी होत जाणारी, अरबी घोडी घेतली, तिच्याआधी मी तिची आई पाहिली. जवळच्या पैदासकाराकडे जाण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच. आई 19 वर्षांची, पाच शिंगरं झालेली, तरी पायांच्या सांध्यांना सूज नाही. कुरणात अनोळखी माणूस दिसला की कान टवकारून सरळ जवळ येते. फोटोंमधून हे कळत नाही. फोटोत दिसतो तो मधे खोलगट चेहरा, रुंद नाकपुड्या, उंच धरलेली शेपटी. मला लांब पल्ल्याच्या रपेटीसाठी घोडी हवी होती, म्हणून मी खुरांपासून पाहायला सुरुवात केली.

या पैदासकाराकडे मी चार वेळा गेले. प्रत्येक वेळी विनंती एकच: घोडी माझ्यासमोर कुरणातून धरा आणि खोगीरही माझ्यासमोरच चढवा. आधीच दमवून आणलेलं घोडं कुणालाही शांत वाटतं. त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही.

मला ते खरे पटले कागदांवरून. अरबी रक्तात काही आनुवंशिक आजार आहेत. स्किड झालेल्या शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते आणि ते काही महिन्यांतच दगावतं. सेरेबेलर ॲबायोट्रॉफीत लहान मेंदूतल्या पेशी मरतात, डोकं थरथरतं, तोल जातो. लॅव्हेंडर फोल सिंड्रोम झालेलं शिंगरू तर जन्मल्यावर उभंही राहू शकत नाही. वाहक घोडी, म्हणजे जिच्यात सदोष जनुकाची एकच प्रत असते ती, मात्र दिसायला ठणठणीत असते. तिला त्याच आजाराचा वाहक नर दाखवला तर प्रत्येक शिंगराला 25 टक्के धोका. माझी घोडी ॲबायोट्रॉफीची वाहक आहे. मी विचारण्याआधीच त्यांनी तो अहवाल पुढे ठेवला आणि म्हणाले, "हिला कधी फळवायची झाली तर नराची चाचणी पाहिल्याशिवाय नेऊ नका." एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, अशा माणसाचं हे बोलणं होतं.

पशुवैद्य मी माझे नेले. त्यांनी एकेक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच दुडकी चालवून लंगडते का ते पाहिलं, पळवण्याआधी आणि नंतर हृदय तपासलं, मानेतल्या चिपचा नंबर नोंदणीपत्राशी ताडला. सबज्या घोड्यांना वय वाढलं की अनेकदा शेपटीखाली काळ्या गाठी येतात, म्हणून तिथेही पाहिलं. घोडी सहा वर्षांची, उंची 59 इंच, सगळं ठीक.

आता तक्रारी. खूर वाढलेले होते. नालबंदाला बोलावून बराच काळ लोटला होता हे उघड दिसत होतं, आणि इतक्या जाणत्या पैदासकाराकडून मला ही हयगय अपेक्षित नव्हती. "गाडीत आरामात चढते" हेही खरं निघालं नाही. ती जन्मल्यापासून त्या पागेबाहेर गेलीच नव्हती. तिला चढवायला अडीच तास लागले, आणि त्या भेदरलेल्या डोळ्यांकडे बघून मला फार वाईट वाटलं. नाव बदलून नोंदणीपत्र हातात यायला तीन महिने गेले, तेही मी दोनदा आठवण केल्यावर.

घोडी आल्यावर आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. चंदी किती देता, पाणी नीट पिते का, रात्री उभी राहते की बसते, सगळं विचारलं. तिच्या धाकट्या बहिणीवर माझा डोळा आहे. घ्यायचं ठरलं तर माझी गाडी महिनाभर आधी त्यांच्या कुरणात नेऊन उभी करेन.