फिन्स घेताना माझे ४६,६९७ रुपये गेले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. पतसंस्थेत १९ वर्षं हिशेब बघते. 'ओटीपी कुणाला देऊ नका' हे सभासदांना रोज सांगणारी मीच. म्हणूनच हे लिहायला तीन आठवडे लागले. घरी सासूबाईंना अजून खरा आकडा माहीत नाही.

डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी पोहण्याच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून मी पोहण्याच्या सकाळच्या बॅचला जाते. माझे घोटे ताठ आहेत, कितीही किक मारली तरी पुढे सरकत नाही. सर म्हणाले, "ताई, फिन्स घ्या. आखूड पात्याचे, मऊ सिलिकॉनचे, टाच बंद असलेले. डायव्हिंगचे आणू नका." फिन्स म्हणजे माशाच्या परासारखं पातं असलेले, पोहताना पायात घालायचे बूट. आखूड पात्याने किकची लय आपल्या नेहमीच्या लयीजवळ राहते. लांब पात्याने ती संथ होते, आणि पातं कडक असेल तर सगळा भार घोट्यावर नि गुडघ्यावर येतो. सरांनी हे सगळं समजावून सांगितलं होतं, म्हणजे माहिती नव्हती असंही म्हणता येत नाही.

गावातली दोन दुकानं पालथी घातली. एकाकडे नुसते गॉगल आणि टोप्या, दुसऱ्याकडे माझा नंबर नाही. त्याच रात्री फोनवर जाहिरात दिसली. निळेशार फिन्स, १,८४९ रुपये, पैसे आधीच भरायचे. मी मेसेज केला, "माझा बुटाचा नंबर ६ आहे, कुठला साइज घेऊ?" उत्तर आलं, "फ्री साइज मॅडम, सगळ्यांना होतो."

इथेच थांबायला हवं होतं. टाच बंद असलेला फिन फ्री साइज असूच शकत नाही. तो बुटासारखा पायात बसावा लागतो. सैल झाला तर टाच सोलून निघते, घट्ट झाला तर तळव्यात गोळे येतात. खरा विक्रेता सगळ्यात आधी पायाचा नंबर विचारतो. इथे मी आपणहून सांगितला तरी त्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला खटकलं होतं. शपथेवर सांगते, खटकलं होतं. पण सिलिकॉन ताणत असेल अशी मीच माझी समजूत घातली आणि पैसे भरले. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही, रोज उघडून वाचते.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. आत कडक प्लास्टिकचे, टाचेला पट्टा असलेले, स्नॉर्केलिंगला वापरतात तसले लांब फिन्स. पातं दोन्ही हातांनी वाकेना. (घेताना एवढं तरी करा, पातं हाताने वाकवून बघा.) तरी पैसे वाया जायला नकोत म्हणून दोन दिवस घालून पोहले, आणि उजवा घोटा सुजला.

पार्सलवर 'रिटर्नसाठी' म्हणून एक नंबर होता. पार्सलवरचा, जाहिरातीतला, इंटरनेटवर शोधून मिळालेला, असल्या कुठल्याही नंबरला फोन करू नका. मी केला. तिकडून माणूस स्वच्छ मराठीत बोलला, "ताई, तुमची तक्रार अगदी बरोबर आहे, माल चुकीचा गेलाय." तीस तारीख होती, ऑफिसात महिनाअखेरची कामं तुंबलेली, समोर सभासद उभे. तो म्हणाला, "रिफंड कोड देतो, पेमेंट ॲपमध्ये रकमेच्या चौकटीत टाका. २४८४९." शेवटचे आकडे ८४९, माझ्या ऑर्डरसारखेच, म्हणून तो कोडच वाटला. पिन टाकला. २४,८४९ रुपये गेले. मी ओरडले तर म्हणतो, "चुकून डेबिट पडलंय, आता १९९९९ टाका, दोन्ही एकदम परत येतील." आणि मी टाकले. दुसऱ्यांदा का टाकले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गेलेले पैसे परत यावेत एवढंच डोक्यात होतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ही सूचना आमच्याच काउंटरवर चिकटवलेली आहे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, सहाव्या प्रयत्नात फोन लागला. त्यांनी तक्रार घेतली, पोचक्रमांक दिला. पुढची पायरी म्हणून पोलीस ठाण्यात गेले तर ते म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. लहान? माझा दीड महिन्याचा पगार आहे तो! परत ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून विचारलं काय, तर "या वयात हे पायाला लावून काय करणार?" चोर कोण, खातं कुठलं, पैसे कुठे गेले, यातलं काही नाही. माझं वय विचारलं. चार फेऱ्या झाल्या, तीन अर्ध्या रजा गेल्या, आणि दर वेळी नवा माणूस बसलेला, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं.

बँक तर त्याहून पुढे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला संरक्षण आहे, हे मी छातीठोकपणे सांगितलं. मॅनेजरने तोच नियम मला वाचून दाखवला: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. पिन मी टाकला, म्हणजे विषय संपला. ज्या खात्यात पैसे गेले त्यात ३,२१२ रुपये होल्ड झालेत, पण तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. मी ४० मिनिटांत तक्रार केली होती. त्या ४० मिनिटांत बाकीचे पैसे कुठे गेले, हे कुणीच सांगत नाही. तुमच्यावर वेळ आली तर आधी १९३०, मग नवऱ्याला फोन. मी उलटं केलं, त्यात १५ मिनिटं गेली.

फिन्स शेवटी शहरातल्या दुकानात जाऊन घेतले, २,३५० रुपयांना. खुर्चीवर बसून पायात घातले, चवडे ताणले, टाच निसटत नाही आणि बोटं दुमडत नाहीत हे पाहिलं, मगच पैसे दिले. रोख.

काल ती जाहिरात पुन्हा दिसली. पानाचं नाव नवीन, व्हिडिओ तोच. खाली एका आईने विचारलंय, "मुलीचा पाय ३ नंबरचा आहे, होईल का?" मी लगेच 'घेऊ नका' असं लिहिलं. दहा मिनिटांनी पाहिलं तर माझी कमेंट गायब, आणि तिच्या प्रश्नाखाली उत्तर होतं, "फ्री साइज मॅडम."