आठ हजार घुबडं की चाळीस चित्रं?

पहिला पगार झाला म्हणून भाचा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पेढे घेऊन आला आणि पेढ्यांमागोमाग मोबाइल पुढे केला. "मामा, दोन एनएफटी बघून ठेवलेत. यातलं खरं कुठलं ते सांग." एनएफटी म्हणजे एखाद्या डिजिटल चित्राच्या मालकीची ब्लॉकचेनवरची, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक खातेवहीतली, नोंद. माझा जन्म खातेवह्या तपासण्यात गेला, त्यामुळे असं कुणी विचारलं की मला राहवत नाही. दोन संध्याकाळी आम्ही दोघं त्यातच होतो.

पहिला संग्रह ८,००० घुबडांच्या चेहऱ्यांचा. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर, एक नग साधारण १८,००० रुपयांना. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ४०,००० मंडळी, पुढे गेम येणार, मग टोकन, म्हणजे त्यांचं स्वतःचं डिजिटल नाणं येणार. करणारे कोण, तर दोन टोपणनावं. दुसरा प्रकार अगदीच साधा: इथल्याच फाइन आर्ट्समधून प्रिंटमेकिंग शिकलेल्या एका चित्रकर्तीच्या कामाची ४० नगांची आवृत्ती, पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर, ६,०००ला एक. गेम नाही, गर्दी नाही, वेबसाइटही जेमतेम.

दोन्हींना मी एकच प्रश्न लावला. करणारा उद्या दिसेनासा झाला, तर भाच्याच्या हाती काय उरेल?

घुबडवाल्यांची नावं नाहीत, हा एकटा काही गुन्हा नव्हे. पण 'फ्रॉस्टीज' हा संग्रह आठवा. जानेवारी २०२२ मध्ये ८,८८८ नग विकून झाले आणि लगेच करणारे सुमारे ११ लाख डॉलर घेऊन पसार. मार्चमध्ये अमेरिकेत पकडले गेले तेव्हा कळलं, दोघंही विशीतली पोरं, आणि पुढच्या संग्रहाची तयारी चालू होती. त्याआधी २०२१ मध्ये 'इव्हॉल्व्ड एप्स' या संग्रहाचा कर्ता ७९८ इथर (इथेरियमचं चलन) घेऊन गेला. तिथेही गेमचंच आश्वासन होतं. गेम म्हटलं की मी आता खिसा चाचपतो.

चित्रकर्तीच्या बाबतीत भीती वेगळी. ती पळणार नाही, तिचं घर, तिची प्रदर्शनं सगळ्यांना माहीत. पण हा संग्रह तिनेच टाकलाय कशावरून? कुणीही तिचं चित्र उचलून स्वतःच्या नावावर मिंट करू शकतो, म्हणजे एनएफटी म्हणून नोंदवू शकतो. एनएफटींचा ऑनलाइन बाजार असलेल्या ओपनसीनेच जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या फुकट मिंटिंगच्या सोयीतून आलेल्या नगांपैकी ८० टक्क्यांहून जास्त चोरीचे, नकली संग्रहांतले किंवा निव्वळ कचरा होते. बडोदेकराला हे नवीन वाटू नये. रविवर्म्याची मूळ चित्रं राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात, त्यांची छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरीच्या देवघरात, आणि त्या छापांच्याही नकला बाजारात. म्हणून तिच्या जुन्या, वर्षानुवर्षं चालू असलेल्या इन्स्टाग्राम खात्यावर कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे संग्रह चालवणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामचा, हाच पत्ता दिलाय का, ते अक्षर न अक्षर जुळवायचं. आम्ही जुळवलं, वर ओळखीतून फोनही केला. बडोद्यात राहण्याचा हा फायदा. घुबडांच्या बाबतीत फोन करायचा कुणाला?

मग इथरस्कॅन, म्हणजे इथेरियमवरचे व्यवहार आणि कोड दाखवणारी वेबसाइट. पॉलिगॉनसाठी त्याचाच भाऊ, पॉलिगॉनस्कॅन. कॉन्ट्रॅक्टचा कोड पडताळलेला आहे का ते आधी बघायचं. तिथेच कोड लपवलेला असेल तर पुढे वाचायची गरज नाही. दोन्हीकडे उघडा होता. घुबडांच्या कोडमध्ये मात्र मालकाला कमाल संख्या वाढवायची मुभा निघाली. म्हणजे आठ हजारांचे ऐंशी हजार कधीही होऊ शकतात.

त्यानंतर 'टोकन यूआरआय'. लोकांना वाटतं चित्रच ब्लॉकचेनवर असतं. बहुतेक वेळा तिथे असतो फक्त चित्राच्या जागेचा पत्ता. घुबडांचा पत्ता त्यांच्याच वेबसाइटवरचा निघाला. साइटचं भाडं थकलं की घुबड उडालं. एफटीएक्स हा क्रिप्टो बाजार बुडाल्यावर तिथून घेतलेल्या एनएफटींचं हेच झालं. चित्राच्या जागी दिवाळखोरीच्या कामकाजाचं पान उघडायला लागलं. चित्रकर्तीची फाइल आयपीएफएसवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून फाइल ठेवणाऱ्या जाळ्यावर आहे. तिथे फाइल बदलली की पत्ताच बदलतो, त्यामुळे त्याच पत्त्यावर दुसरं चित्र गुपचूप ठेवता येत नाही. अर्थात ती फाइल कुणीतरी सांभाळत राहायला हवी, नाहीतर तीही जाते. शिवाय पत्ताच बदलायचा अधिकार कॉन्ट्रॅक्टमध्ये तिने स्वतःकडे ठेवलाय, हे मला खटकलं.

गर्दीचं काय? शेव-उसळीच्या गाडीवर गर्दी दिसली तर ती खाणाऱ्यांचीच असते. डिस्कॉर्डवरची भाड्यानेही मिळते. म्हणून घुबडांच्या धारकांची यादी उघडली. बरीच 'विक्री' चार-पाच वॉलेटांतच (डिजिटल पाकिटांतच) फिरत होती, आणि त्या सगळ्यांत पहिले पैसे एकाच ठिकाणाहून आलेले. या डाव्या खिशातून त्या उजव्या खिशात. अशा व्यवहारांवर उभ्या असलेल्या फ्लोअर प्राइसला, म्हणजे संग्रहातल्या सर्वांत स्वस्त नगाच्या भावाला, काय अर्थ? चित्रकर्तीचे ४० पैकी ११ नग गेलेत, अकरा वेगवेगळ्या वॉलेटांत. पुनर्विक्री एकही नाही. हेही भाच्याला स्पष्ट सांगितलं: तुझे ६,००० परत मिळतील असं धरून चालू नकोस.

घुबडवाले म्हणतात, गेमचा खर्च रॉयल्टीतून, म्हणजे प्रत्येक पुनर्विक्रीतल्या करणाऱ्याच्या वाट्यातून, निघेल. ओपनसीने २०२३ मध्येच रॉयल्टी विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडली. मग पैसा यायचा कुठून? भाच्याने हे डिस्कॉर्डवर अगदी नम्रपणे विचारलं. दहा मिनिटांत त्याला बाहेर काढलं. कोड वाचून जेवढं कळलं नसतं तेवढं त्या दहा मिनिटांत कळलं.

कर दोन्हींना सारखाच, आणि जड. नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, विकताना १ टक्का टीडीएस. घुबडात १८,००० बुडाले आणि चित्रात १०,००० नफा झाला, तरी तोटा वजा करता येत नाही. ३,१२० रुपये भरावेच लागतात.

माझं मत एकतर्फी आहे. घुबडं नकोत, फुकट दिली तरी नकोत, कारण फुकटच्या नगाच्या निमित्ताने वॉलेटमधलं सगळं हलवायची परवानगी डिजिटल सही करायला लावून मागून घेतात. काहीही घ्यायचं तर नवं, रिकामं वॉलेट काढून. फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला उशीर नको.

चित्र आवडत असेल तर घे, म्हटलं, पण आधी तिला पत्ता कायमचा गोठवायला सांग. त्याने विचारलं तर ती म्हणाली, करते. आणि जाता जाता म्हणाली, याच चित्राचा कागदावरचा एचिंगही, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेला ठसाही आहे, पेन्सिलीने क्रमांक घालून सही केलेला, आठ हजारांना. आता भाचा तिसऱ्याच पेचात पडलाय आणि आमची ताई भिंतीवर खिळा कुठे मारायचा ते बघतेय.