नख, लाख आणि सागाचा गुटका

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आता पुरतं आलं, म्हणून लिहायला बसले. नख यायला सहा महिने लागले. तेवढ्या काळात लहान दगड कापताना धरून ठेवायच्या पाच तऱ्हा करून झाल्या. एकीत साडेअकराशे रुपये बुडाले, एकीने पाण्याचं ताक केलं, आणि जी टिकली ती नागपुरात इतवारीच्या सराफ्यात एका बिनपाटीच्या दुकानात ऐंशी रुपयांना मिळाली. हे परीक्षण तिचं, म्हणजे लाखेच्या कांडीचं. पण आधीचं रडगाणं ऐकल्याशिवाय तिची किंमत कळायची नाही.

नोकरीत मी खाणींचे नकाशे ट्रेस करायची. दगडांशी संबंध सगळा कागदावरचा. निवृत्त झाल्यावर काटोलला भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात जाणं वाढलं आणि बांधावरच्या गारगोट्या वेचायचा नाद लागला. नागपूरच्या पश्चिमेला सगळा काळ्या कातळाचा मुलूख. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्याच्या पोकळ्यांत साचत गेलेली सिलिका म्हणजे हे अकीक. कातळ झिजून काळी माती झाली, गोटे तेवढे उरले. नांगराला लागतात म्हणून सालदार ते उचलून बांधावर फेकतो. लहानपणी आम्ही भावंडं रात्री पांघरुणात दोन गारगोट्या घासून उजेड पाडायचो; आता मी त्याच कापते. बाहेरून बटाटा, आत करड्या-पांढऱ्या रेघा. वहिनीने पहिला काप हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर इरकलीचा काठ!"

अडचण एवढीच की चांगले गोटे बहुतेक लहान असतात. बोराएवढे, सुपारीएवढे, फार तर लिंबाएवढे.

माझी मशीन गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडात आहे. पाव हॉर्सपॉवरची जुनी मोटर, वर चार इंची हिऱ्याची चकती, जाडी अर्धा मिलिमीटर. फरशीवाल्यांची चकती स्वस्त आणि दणकट असते, पण ती जवळपास दोन मिलिमीटर दगड खाते. सुपारीचे तीन काप करायला गेलं तर चार मिलिमीटर चिखलातच गेले. पाणी खेळवायला कूलरचा पंप. दिवाळी ते होळी तो तसाही रिकामा असतो. पहिल्या एप्रिलात त्यावरून घरात महाभारत झालं, मग दुसरा आणला. पाण्यात कुणी काटकसर करू नये. अकिकाची कोरडी धूळ म्हणजे सिलिकाच, आणि गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिसने फुप्फुसं जाण्याचा इतिहास फार मोठा आहे.

आता नखाचं. हिऱ्याच्या चकतीला दाते नसतात, तिने बोट कापत नाही, असं सगळे सांगतात. नुसतं टेकलं तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मला चकतीने कापलं नाहीच. मी बोराएवढा गोटा चिमटीत धरून कापत होते. अर्ध्यावर आल्यावर मनगट किंचित वळलं असेल, एखादा अंश. कापाच्या फटीत चकती अडकली, गोटा गरकन फिरला आणि माझा अंगठा गोटा आणि टेबलाच्या पत्र्यामध्ये सापडला. नख मुळापासून उचकटलं. गोटा उडून कुठे गेला तो अजून मिळालेला नाही. चकतीला पोक आलं ते वेगळंच. पातळ चकतीला बाजूने दाब अजिबात सोसत नाही, एकदा वाकली की ती डुलत कापते आणि काप जाड होत जातो. नखापेक्षा चकतीचं जास्त वाईट वाटलं, हे घरी सांगितलेलं नाही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. ऑनलाइन अडीच इंची बिडाचा व्हाइस, म्हणजे स्क्रूने आवळायचा शिकंजा, मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असले व्हाइस दहा नावांनी विकले जातात आणि सगळे एकाच साच्यातून आल्यासारखे दिसतात. फोटोत देखणा. हातात आल्यावर कळलं की सरकता जबडा आवळला की वर उचलला जातो. म्हणजे दगड जितका घट्ट धरावा तितका तो तिरका होतो. शिवाय दोन सपाट जबड्यांमध्ये गोल गोटा दोनच बिंदूंवर टेकतो, तिसरा आधार नाही. पाणी पडलं की तो त्या दोन टोकांवर लट्टूसारखा फिरायला मोकळा. जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावल्यावर थोडा फरक पडला. लाकडात गोटा रुततो. पण महिन्याभरात स्क्रू गंजला. परत करायला गेले तर मुदत संपलेली. चौकोनी, आधीच सपाट केलेला तुकडा धरायचा असेल तर चालेल. पाचपैकी दीड.

मग चिकटवणं आलं. एक बाजू लाकडी गुटक्याला चिकटवायची (खायचा गुटखा नव्हे, सुताराचा गुटका) आणि दगडाऐवजी गुटका धरायचा. कल्पना शंभर टक्के बरोबर आहे, सगळं अडतं ते चिकटवता कशाने यावर. सुतारी पांढरा गोंद रात्रभर वाळवला, दगडासारखा झाला, आणि पाण्याखाली दहा मिनिटांत परत दुधासारखा. तेलावर चालणारी मशीन असती तर कदाचित निभावला असता. झटपट चिकटणारी छोटी ट्यूब पाण्याला भीत नाही, पण ती पोकळी भरत नाही. गोल गोट्याचा सपाट लाकडाला स्पर्श तिळाएवढा, तेवढ्यावर ती किती धरणार? दगडाची एक बाजू आधी घासून सपाट केली असेल तर मात्र ती उत्तम, काढतानाही ॲसिटोनमध्ये टाकून ठेवलं की सुटते. फक्त वास डोक्यात जातो, उघड्यावर करा. प्लास्टर ऑफ पॅरिस कपात ओतून त्यात गोटा बुडवला तो प्रयोग दिसायला फार शास्त्रीय होता. वेडावाकडा दगड सगळीकडून धरला जातो, हे कबूल. पण दगड दिसेनासा होतो, रेघ कुठे मारली होती ते आठवत बसावं लागतं, आणि पाण्याचं ताक झालं ते याच प्रकाराने.

सराफ्यात मी गेले होते ते भाचीची तुटलेली साखळी डागायला. कारागीर अंगठीत खडा बसवत होता. अंगठी लाकडी दांडीच्या टोकावर तपकिरी गोळ्यात रुतवलेली, आणि तो दोन्ही हातांनी बिनधास्त ठोकतोय. मी विचारलं, हे काय? "लाख आहे न काकू." त्याने गल्लीतलं दुकान दाखवलं. सोनारांची हत्यारं, मुशी, सवागी असं सगळं खच्चून भरलेलं, आणि बाहेर पाटी नाही. आमच्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडे पळसावर लाख घेतात हे शाळेत शिकले होते. ती कधी अशी विकत घेईन असं वाटलं नव्हतं.

कांडी वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, साधारण शंभर ग्रॅम. शुद्ध लाख नाही. राळ आणि विटेची बारीक पूड मिसळलेली, आणि तशीच हवी, नुसती लाख फार ठिसूळ होते. पहिल्या दिवशी घरी येऊन मेणबत्तीवर वितळवली, गोट्यावर थापली, आणि दोन मिनिटांत गोटा टपकन सुटून आला. तळाला लाखेचा चकचकीत साचा, आरशासारखा. तक्रार घेऊन गेले तर दुकानातले दादा हसले. "काकू, गोटा थंडा असन तं लाख कशी धरन? पह्यले गोट्याले गरम करा लागते. तुमी फक्त लाखेलेच गरम केलं."

तेवढं एक वाक्य. तेव्हापासून माझी पद्धत बसली आहे. गोटा साबणाने घासून, वाळवून, स्पिरिटने पुसायचा. बोटाचा तेलकटपणासुद्धा राहता कामा नये. जुन्या तव्यात दोन बोटं वाळू, त्यात गोटा, गॅस अगदी बारीक. घाईने तापवला तर आतल्या चिरांमधलं पाणी वाफ होऊन गोटा तडकतो. लाखेचा कपचा त्यावर ठेवला आणि तो आपणहून पसरला, की गोटा तयार. तोवर गुटक्याच्या टोकावर लाख वितळवून घ्यायची. ती फसफसू द्यायची नाही. फेस आला म्हणजे जळली, मग नंतर भुगा होतो. गोटा चिमट्याने उचलून लाखेत दाबायचा, आणि आता खरी गंमत: बोटं पाण्यात बुडवून लाख कडेने वर चढवायची, पुरणाभोवती पारी चढवतो तशी. गोट्याचा तिसरा हिस्सा तरी लाखेत बसला पाहिजे. कोरडं बोट लावलं तर चटका आणि चिकट दोन्ही. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना पाण्याखाली धरलात तर गोटा गेला.

कापायची रेघ मी ॲल्युमिनियमच्या तारेचं टोक घासून केलेल्या पेन्सिलीने मारते. मार्करची रेघ पाण्यात वाहून जाते, ही चंदेरी रेघ शेवटपर्यंत दिसते.

गुटके लकडगंजातून आणले. आरामशीनवाल्याकडे सागाचे तुकडे पिशवीभर मिळाले. पॅकिंगच्या पेटीचं लाकूड पाण्याने फुगतं आणि लाखेखालून सरकतं, साग त्या मानाने शांत. दीड इंच चौरस, चार इंच लांब, चारही बाजू काटकोनात रंधून घेतलेल्या. टेबलावर चकतीला समांतर एक ॲल्युमिनियमचा अँगल बसवला आहे. गुटका त्याला टेकवून पुढे ढकलायचा, वळायचा प्रश्नच नाही, आणि बोटं चकतीपासून चार इंच लांब. चकती दगड संपवून खाली थेट लाखेत, लाकडात तीन-चार मिलिमीटर उतरते. याचा मोठा फायदा: हाताने धरलेला गोटा कापाच्या शेवटी कडकन मोडतो आणि कडेला शेपूट राहतं, ते घासण्यात अर्धा तास जातो. लाखेवरच्या गोट्याला खालून आधार असतो, त्यामुळे काप शेवटपर्यंत सपाट येतो. लाखेने चकती थोडी भरते. अधूनमधून मऊ विटेचा तुकडा कापला की परत धार येते.

काढायचं असेल तर थंड झालेला गुटका पिशवीत घालून फ्रीझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं. मग हलकी टिचकी, गोटा सुटतो. उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते. (फ्रीझरमध्ये मटारांशेजारी दगड ठेवल्याबद्दल घरून आलेली प्रतिक्रिया देत नाही.)

आता दोष. लाख ही नागपूरच्या हवेला साजेशी वस्तू नाही. मे महिन्यात शेडात ठेवलेली कांडी संध्याकाळी कमानीसारखी वाकलेली होती. पत्र्याखाली दुपारी गुटक्यावरचा गोटा हळूहळू मान टाकतो, ते कळत नाही आणि काप तिरका येतो. एप्रिल ते जून मी सकाळी आठच्या आत कापते, नाहीतर कापतच नाही. डिसेंबरात उलट. टाकीचं गार पाणी लागलं की लाख काचेसारखी होते. एक गोटा चकती टेकताच सुटून शेजारच्या तुळशीवृंदावनात पडला. दादांनी थंडीसाठी लाखेत किंचित मेण घालायला सांगितलं, तेव्हापासून बरं आहे. पाणीही आता कोमट करून घेते.

आणि सगळ्या दगडांना लाख चालत नाही. झिओलाइटमध्ये (काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारी ही खनिजं) मुळातच पाणी असतं, ओपलमध्येही. ते तापवायचे नाहीत. एका जुन्या सहकाऱ्याने मनसरकडचा गोंडाइटचा तुकडा दिला होता, गोंडांवरून नाव पडलेला तो लालसर दाणेदार दगड. त्याचे गार्नेटचे दाणे कापताना सुटायला लागले. त्याला पातळ इपॉक्सी पाजून, दोन भागांच्या इपॉक्सीनेच गुटक्यावर बसवला आणि पूर्ण एक दिवस थांबले. मजबूत बसतो, पण सोडवताना लाकूडच कापून टाकावं लागतं. दर गोट्याला एक गुटका खर्ची घालायचा, म्हणून मोजक्याच दगडांना. गिरडच्या टेकडीवरचे गोल गोटेही कुणी आणून दिले होते, ते मात्र मी कापले नाहीत. तिथल्या पीर फरीदबाबांच्या शापाने व्यापाऱ्याचा माल दगड झाला अशी त्या गोट्यांची गोष्ट आहे. माझी एवढी हिंमत नाही, आणि ते भुसभुशीतही असतात.

लाखेला साडेचार. अर्धा मे महिन्याने खाल्ला. एक कांडी मला चार महिने पुरली, कारण खरवडलेली लाख मी डब्यात साठवून परत वितळवते. दोन-तीनदा चालते, मग करपट होते. व्हाइसही आता कामाला लागला आहे: गार होईपर्यंत गुटका उभा धरून ठेवायला. तेवढं काम तो उत्तम करतो.

दुकान शोधायचं तर सराफ्यात कुठल्याही खडे बसवणाऱ्या कारागिराला विचारा. मागताना "खडे धरायची लाख" असं सांगा. नुसती लाख म्हटलं तर पार्सल सील करायची लाल कांडी हातात ठेवतात, आणि ती पहिल्याच कापाला मोडते. मी ती पण घेऊन पाहिली आहे, वीस रुपये.