फोन, पन्नासची लेन्स की लांबची झूम: जनावराचा स्वभाव कशात उतरतो?

उदगीरकडच्या पुतण्याने परवा विचारलं, "काका, दहा-बारा हजार साठलेत. बैलांचे चांगले फोटो काढायचेत. लेन्स घेऊ का त्यात भर घालून फोनच बदलू?" त्याच्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आत लहान सेन्सर असलेला, जुना कॅमेरा आहे. दावणीला देवणी जातीच्या बैलांची जोडी, एक मराठवाडी म्हैस आणि पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या. त्याला नुसता जोडीचा फोटो नको होता. हरण्या हरण्यासारखा आणि मोत्या मोत्यासारखा दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ऐकून फार बरं वाटलं. आपल्याकडे जनावराचा फोटो काढतात तो विकायच्या वेळी: आडवं उभं करून, चारी पाय, शिंगं, कास दिसेल असा, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 अंकी नंबरसुद्धा वाचता येईल असा. त्यात जात कळते, दात विचारले की वयही कळतं. पण ते जनावर कसं आहे, हे त्यात कुठेच नसतं.

तिन्ही गोष्टी मी वापरल्यात, म्हणून आधीच सांगतो. फोटो किती स्वच्छ येतो यावर निवड करू नका. जनावर तुम्हाला किती जवळ उभं राहू देतं, ते बघून ठरवा.

घरच्या जनावरासाठी फोनला तोड नाही. तो रोज हातात असतो, त्यामुळे जनावराला त्याचं काही वाटत नाही. आमची म्हैस धार काढायच्या आधी, चरवीचा आवाज आला की हनुवटी वर करते आणि एकच कान मागे वळवते. तेवढ्या दोन सेकंदांत ती पूर्ण "ती" असते. कॅमेऱ्याची बॅग उघडेपर्यंत ते गेलेलं असतं. पण फोनची मुख्य लेन्स रुंद असते. दोन फुटांवरून धरली की नाकाड मोठं, कान बारके आणि गंभीर गाय उगाच खुळी दिसते. तो गायीचा स्वभाव नाही, लेन्सचा आहे. दोन पावलं मागे जा आणि 2एक्सवर काढा, निम्मं काम होतं. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा. मराठवाडी म्हशीची शिंगं मानेलगत खांद्यापर्यंत मागे जातात, आणि तो मोड नेमकी त्यांची टोकं पुसून टाकतो. पत्र्याखाली उजेड कमी असला तर कान हलला की त्याचा नुसता फराटा येतो.

50 मिमी एफ/1.8 लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते आणि क्रॉप सेन्सरवर ती 75-80 मिमीसारखी, म्हणजे जरा जवळचं दाखवणारी, चालते. म्हणजे पाच-सहा फुटांवर उभं राहिलात की डोकं आणि मान बरोबर बसते, नाक फुगत नाही. गोठ्याच्या दारातून येणारा उजेड तिला पुरतो, फ्लॅश लागत नाही. गोठ्यात फ्लॅश मारूच नका. जनावर दाव्याला हिसका देतं आणि डोळ्यांच्या आतल्या चकाकणाऱ्या थरामुळे डोळे हिरवट पेटलेले दिसतात. या लेन्सची एक अडचण माहीत असू द्या. माणसापेक्षा बैलाचं तोंड लांब. एफ/1.8 वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, डोळा धारदार येतो आणि नाकपुडी विरघळते. मी लेन्स थोडी मिटवून एफ/4 वर जातो आणि अगदी समोर न राहता खांद्याच्या बाजूने उभा राहतो. डोळे बाजूला असल्यामुळे नाकासमोरचं त्यांना नीट दिसतच नाही, समोरून जवळ गेलात तर ते बिचकतात.

पुतण्याच्या जोडीवरच हे ध्यानात आलं. दोघंही देवणीतल्या वानेरा प्रकारचे, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं. एकाच बाजारातून, एकाच दिवशी आणलेले. फोनवर भाऊ-भाऊ वाटतात. पन्नासच्या लेन्सने तासभर बसलो तेव्हा दिसलं, हरण्या माणूस आला की कडबा चघळायचा थांबतो, कान पुढे करतो, डोळ्यांवरच्या कातडीला घडी पडते. मोत्या चघळतच राहतो, पापणी अर्धी मिटलेली, जिभेने एक नाकपुडी पुसतो. पुतण्याची आई म्हणाली, "हे तर घरात सगळ्याला ठाव हाय." ठाऊक होतं, पण फोटोत कुणी पाहिलं नव्हतं.

70-300 मिमीसारखी लांबची झूम माळावर कामाची. शेळ्या चरत असताना तीस-चाळीस फुटांवर बसून राहा, थोड्या वेळाने त्या तुम्हाला विसरतात. बाभळीला पुढचे पाय लावून उभी राहणारी एकच असते आणि बाकीच्या तिच्याकडे बघतात. मेंढरंही एकमेकांचं तोंड ओळखतात. 2001 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या केंब्रिजच्या अभ्यासात मेंढ्यांना 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात राहिल्याचं दिसलं होतं. पण झूमला उजेड भरपूर लागतो, गोठ्यात ती आंधळी. माळेगावच्या यात्रेसाठी किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारासाठी घ्यायची असेल तर जरा थांबा. तिथलं जनावर चालून दमलेलं, अनोळखी खुंट्याला बांधलेलं असतं. त्याचे फोटो सुंदर येतील, पण येईल ती त्याची धास्ती.

वेळेचं एवढंच: सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर. भर उन्हात शेळीच्या डोळ्यातली आडवी बाहुली रेघेएवढी होते आणि नजर कठोर दिसते. काळी म्हैस चौकट भरून असेल तर कॅमेरा तिला करडी करतो, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक पायरी खाली आणा. पांढरा देवणी सावलीत असेल तर थोडं वर.

पुतण्याला मी पन्नासची सुचवली. जनावरं घरची, अंतर पाच फुटांचं, उजेड पत्र्याखालचा. शेळ्यांसाठी फोन आहेच. आणि पोळ्याच्या दिवशी झूल-बाशिंगात सगळे बैल एकसारखे नटतात, म्हणून आदल्या संध्याकाळी, खांदमळणीला काढ म्हणालो. तूप-हळदीचा हात खांद्यावर फिरताना मोत्या मान कुठे टेकवतो, ते बघ.