टोकन आमचे लॉक, त्यांचे मोकळे

कापसाचा चुकारा हाती आला की आमच्या घाटंजी तालुक्यात काही ना काही विकणारे येतातच. मागच्या हंगामात 'प्रीसेल'वाले आले, म्हणजे नवं क्रिप्टो टोकन (डिजिटल नाणं) बाजारात येण्याआधीच स्वस्तात विकणारे. मंगल कार्यालयात सभा, चहा-पोहे, पडद्यावर आलेख. टोकन आज ४ रुपयांना, बाजारात उतरेल २० ला. कुणी शंका काढली की उत्तर तयार, "सरकार ३० टक्के कर घेते, मग बेकायदेशीर कसं?" कर २०२२ पासून आहे, खरंय. पण कर लावला म्हणजे सरकार जामीन राहिलं असं नाही. बिटकॉइनचाही दाखला दिला. त्याची प्रीसेल कधी झालीच नव्हती; २००९ पासून ज्यानं त्याच्या व्यवहारांच्या नोंदीसाठी संगणक चालवला त्याला ते मिळत गेलं.

मी ८० हजार दिले, यूपीआयनं, एका माणसाच्या खासगी खात्यावर. ॲपमध्ये २० हजार टोकन दिसू लागले, वर्षभर लॉक, म्हणजे तोवर विकता येणार नाहीत. भाव पडू नये म्हणून, म्हणे.

लिस्टिंगच्या, म्हणजे टोकन बाजारात उतरण्याच्या, दिवशी भाव चढला आणि दुपारपर्यंत काही पैशांवर आला. अमरावतीला शिकणाऱ्या भाच्यानं मोबाइलवर ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे क्रिप्टोच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट, उघडली. तिथं टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) टाकला की कोणत्या वॉलेटमध्ये (क्रिप्टोच्या खात्यात) किती टक्के माल आहे, कुठून कुठे गेला, सगळं कुणालाही फुकट दिसतं. लिस्टिंगआधीच ८० टक्क्यांवर टोकन पाच वॉलेटमध्ये गेलेले. मग त्यांचीच विक्री, ओळीनं, वेळेसकट. पूलमधले, म्हणजे टोकनच्या खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या साठ्यातले, यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो) उपसून नेले.

"मामा, तुमचे बांधून ठेवले, त्याइचे मोकये होते."

संस्थापकांनी वाटा ठेवणं गैर नाही. इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कनं २०१४ मध्ये सुमारे ६ कोटी इथर (त्याचं नाणं) लोकांना विकले, १.२ कोटी फाउंडेशन आणि सुरुवातीच्या मंडळींसाठी ठेवले; पण ते उघड होतं. आमच्या पत्रकात 'टीम'पुढे १० टक्के छापलं होतं! आणि आम्हाला सभेला नेणाऱ्या पाहुण्याला कमिशन टोकनमध्ये नाही, रोख रुपयांत मिळत होतं. तुमच्या दारी कोणी आलं तर आधी हेच विचारा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, व्यवहार क्रमांक दिले. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवता येऊ शकतं. आम्हाला कळेपर्यंत महिने उलटले होते आणि खातं रिकामं. आता हीच मंडळी दारव्ह्याकडे नव्या नावाचं टोकन घेऊन फिरताहेत. पत्रकात लॉक पुन्हा एक वर्षाचाच आहे.