मान्यता देणारे आणि घेणारे एकच निघाले

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमची नोंदणी ठरावीक काळानं नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे क्रेडिट तास दाखवावे लागतात. परिचारिका, डॉक्टर, लेखापाल यांच्याकडेही, आणि काही देशांत वकील, शिक्षक यांच्याकडेही कमीअधिक फरकानं हेच चालतं. या सक्तीच्या गरजेवर जो बाजार उभा राहिला आहे, त्यातल्या एका संस्थेनं मला फसवलं. तीच संस्था आता नाव बदलून, तेच व्हिडिओ घेऊन पुन्हा जाहिराती करतेय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

अभ्यासक्रम मान-खांद्याच्या जुनाट दुखण्यावरच्या मॅन्युअल थेरपीचा, म्हणजे हातांनी करायच्या उपचारांचा, होता. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त, ४० क्रेडिट तास’ अशी जाहिरात आणि खाली मान्यता देणाऱ्या मंडळाचं बोधचिन्ह. ते मंडळ मी शोधून पाहिलं होतं. त्यांची वेबसाइट होती, गुणवत्तेच्या निकषांची लांबलचक यादी होती, तक्रारीचा अर्जसुद्धा होता. सदस्य संस्थांच्या यादीत एका नामांकित विद्यापीठाचं नाव होतं. संस्थेचा समुपदेशक फोनवर म्हणाला, “मॅडम, मान्यतेचं टेन्शनच घेऊ नका. सर्टिफिकेटवर क्यूआर कोड येतो, कुणीही स्कॅन करून खात्री करू शकतं.” मी पैसे भरले.

प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी उठावाचा ठसा, दोन सह्या. नूतनीकरणाच्या अर्जाला ते जोडलं आणि आमची नोंदणी करणाऱ्या परिषदेनं सगळेच्या सगळे तास नामंजूर केले. पत्रात दोनच कारणं होती: मान्यता देणारं मंडळ आमच्या यादीत नाही, आणि शिकणाऱ्याचं मूल्यमापन झाल्याचा पुरावा नाही.

मग मी खोदायला बसले. क्यूआर कोड स्कॅन केला की हिरवी बरोबरची खूण, माझं नाव आणि ‘पडताळणी यशस्वी’ असं दिसायचं. पण पत्त्याची पट्टी नीट वाचली तर ते पान संस्थेच्याच वेबसाइटवरचं. म्हणजे ज्यानं कागद छापला तोच कागद खरा असल्याची साक्ष देत होता. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी घेतलं हे कुणालाही फुकट पाहता येतं. संस्थेचं आणि मंडळाचं डोमेन एकाच आठवड्यात घेतलेलं निघालं. दोघांच्या ‘आमच्याविषयी’ पानांवर एक परिच्छेद शब्दशः सारखा होता आणि त्यात एक शब्द दोन्हीकडे एकाच तऱ्हेनं चुकला होता. शेवटी त्या नामांकित विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाला ईमेल केला. त्यांनी स्पष्ट कळवलं की या मंडळाशी आमचा काहीही संबंध नाही, आमचं नाव परस्पर वापरलं आहे.

‘तुला आधी कळलं कसं नाही?’ असं विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बनावट विद्यापीठासोबत बनावट मान्यता मंडळ उभं करायचं, ही या धंद्यातली मुरलेली पद्धत आहे, आणि ती चौकशी करणाऱ्या माणसासाठीच रचलेली असते. २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट या कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा शेकडो वेबसाइटांचं जाळं समोर आलं. त्यात खोटी विद्यापीठं होती आणि त्यांना प्रमाणित करणारी खोटी मंडळंही होती. त्या कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं पुढे अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली.

म्हणून ‘मान्यता आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. मान्यता देणाऱ्याला कोण मानतं, हे विचारायला हवं. याच्या याद्या उघड्यावर आहेत. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या मंडळांना तिथलं शिक्षण खातं आणि ‘चिया’ (CHEA) ही उच्च शिक्षणाच्या मान्यतेसाठीची परिषद मान्यता देते. युरोपात अशा मंडळांची ‘एकार’ (EQAR) ही नोंदवही आहे. जगभरातल्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटनेचा माहितीकोश आहे. त्यात त्या त्या देशाच्या सक्षम यंत्रणेनं मानलेल्या संस्था असतात. परदेशी पदवीची किंमत ठरवायची तर युरोपातली एनिक-नारिक केंद्रं हेच काम करतात. मात्र छोट्या अभ्यासक्रमांचं या याद्यांवरून भागत नाही. तिथे शेवटचा शब्द तास स्वीकारणाऱ्या परिषदेचा. तिला पैसे भरण्याआधी लेखी विचारायचं. विकणाऱ्याच्या ‘हो, चालतं’ला काडीची किंमत नाही.

माझ्या संस्थेच्या पानावर बोधचिन्हांची रांगच होती. त्यातलं एक आयएसओ ९००१चं. हे मानक संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीचं आहे. शिकवलेलं बरोबर की चूक, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय आयएसओ ही मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम वेगळ्या संस्था करतात. दुसरं आश्वासन होतं ‘युनेस्को मान्यता’. युनेस्को कोणत्याही शिक्षणसंस्थेला अशी मान्यता देत नाही, त्यामुळे जिथे हे शब्द दिसतील तिथून सरळ बाहेर पडावं. तिसरं, ‘अपोस्टिल करून मिळेल’. १९६१च्या हेग करारानुसार मिळणारा हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर आहे आणि मोहोर त्याचीच आहे. कागदात काय लिहिलंय, शिक्षण झालं की नाही, हे तो सांगत नाही. पोकळ कागदाच्या नोटरीकृत प्रतीलाही काही ठिकाणी रीतसर अपोस्टिल मिळून जातं आणि पुढचा माणूस ते पाहून गप्प बसतो.

आता ते ४० तास. निरंतर शिक्षण मोजण्याचं एकक असलेलं एक सीईयू म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचे १० संपर्क तास. युरोपातल्या विद्यापीठांच्या ईसीटीएस या श्रेयपद्धतीतलं एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं साधारण २५ ते ३० तासांचं एकूण काम, आणि पूर्णवेळ वर्षाची ६० क्रेडिटं. माझ्या प्रमाणपत्रावर ‘४० क्रेडिट तास’ होते, पण कुठल्या पद्धतीनं मोजलेले याचा उल्लेखच नव्हता. व्हिडिओंची लांबी मी बेरीज करून पाहिली तर ४० तासांच्या जवळपासही जात नव्हती. उरलेलं ‘स्वाध्याय’ म्हणून दाखवलेलं. नेमून दिलेलं वाचन मात्र शून्य.

आणि परीक्षा! बहुपर्यायी प्रश्न, उत्तर चुकलं की लगेच बरोबर उत्तर लाल चौकटीत दिसायचं आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण यायचं. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. नापास होण्याची सोयच नव्हती. मानेच्या सांध्यावर हात टाकण्याआधी रक्तवाहिन्यांचा धोका कसा तपासायचा, रुग्णाला चक्कर आली तर लगेच काय करायचं, यावर एकही प्रश्न नव्हता आणि कुणी माझा हात कसा पडतो हेही पाहिलं नाही. प्रमाणपत्रात मात्र मी हे तंत्र वापरायला ‘सक्षम’ असल्याचं लिहिलेलं. मला सगळ्यात जास्त हेच खुपलं. माझे पैसे गेले ते गेले, पण हा कागद भिंतीवर लावून कुणी रुग्णाच्या मानेला हात घालत असेल, तर त्या रुग्णाला यातलं काहीच ठाऊक नसणार.

समुपदेशकानं नंतर आणखी एक गळ टाकला: “तुमचा अनुभव बघता थेट पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा करून देतो, मॅडम.” अनुभवाला शैक्षणिक श्रेय देण्याची खरी पद्धत अस्तित्वात आहे. तिच्यात कामाचे पुरावे मागतात, परीक्षक ते तपासतात, मुलाखत किंवा प्रात्यक्षिक घेतात आणि बऱ्याचदा अर्ज फेटाळतातही. नुसत्या अर्जावर पदवी देणाऱ्यांचं टोक २००४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दिसलं. तपास यंत्रणेनं एका मांजराच्या नावानं अर्ज केला, तेव्हा टेक्सासमधल्या एका तथाकथित विद्यापीठानं त्याला एमबीए देऊन टाकलं. गुणपत्रिकेसकट.

मी आता कोणत्याही अभ्यासक्रमाला आधी ईमेल करते. शिकवणारे कोण, त्यांची स्वतःची नोंदणी कुठे पाहता येईल, नापास होणाऱ्यांचं काय होतं, तास कसे मोजले, आणि मिळणारं प्रमाणपत्र उपस्थितीचं की मूल्यमापनाचं. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. उपस्थितीचं प्रमाणपत्र तेवढ्यापुरतं प्रामाणिक असतं. ते कौशल्याचं म्हणून विकलं की फसवणूक सुरू होते. चांगल्या संस्था उत्तरं देतात, काही तर नमुन्याची प्रश्नपत्रिकासुद्धा पाठवतात. बाकीचे ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’ असं कळवतात.

परतावा मागितला तेव्हा संस्थेनं ‘सामग्री पाहिली गेली आहे’ म्हणून हात झटकले. ती वेबसाइट लवकरच बंद पडली, पण जाहिरात, पावती, चॅट आणि त्या क्यूआर पानाचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते, त्यामुळे कार्डवरच्या पेमेंटला बँकेकडे आव्हान देता आलं आणि परिषदेकडे व सायबर पोलिसांकडे पुराव्यासह तक्रार करता आली. पैशांचा निर्णय अजून झालेला नाही. परिषदेनं त्या मंडळाचं नाव सदस्यांना पाठवलेल्या सूचनेत घातलं आहे. ज्यांच्याकडे असं प्रमाणपत्र आहे त्यांनी नूतनीकरणाच्या तारखेची वाट न पाहता आत्ताच आपल्या परिषदेला त्याची प्रत पाठवून विचारावं. तास नामंजूर झाले तरी ते भरून काढायला हातात वेळ राहतो, आणि बँकेकडे वाद नोंदवायची मुदतही कदाचित उलटलेली नसेल.